आधी वॉलब्रुक, मग सेंट पॉल

सेंट पॉल कॅथेड्रलचा घुमट तुम्ही निदान फोटोत तरी पाहिलाच असेल. लंडनच्या दर तिसऱ्या पोस्टकार्डावर तो असतो. तो बांधणाऱ्याचं नाव सर क्रिस्टोफर रेन, हेही आपल्या क्विझवाल्या मंडळींना पाठ असतं. पण रेनचं आयुष्य वाचताना मला जास्त गंमत वाटली ती त्याच्या छोट्या चर्चेसची. त्यातही सेंट स्टीफन वॉलब्रुक नावाच्या एका चर्चची. बँका आणि ऑफिसांच्या गर्दीत दडलेलं हे चर्च बाहेरून बघितलं तर कोणी वळूनही पाहणार नाही.

ही छोटी चर्चेस म्हणजे पॅरिश चर्चेस. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीत येणारी वस्ती. वसईकडची ख्रिस्ती मंडळी त्याला धर्मग्राम असा छान शब्द वापरतात. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे चर्चमध्ये बसून छताकडे बघत राहण्याचा अनुभव माझ्याकडे भरपूर आहे. (प्रार्थना लांबली की दुसरं काय करणार!) पण ते छत तिथे का टिकून आहे हा प्रश्न पडायला मला इंजिनिअरिंगला यावं लागलं.

रेनचा जन्म २० ऑक्टोबर १६३२ चा, विल्टशायरमधल्या ईस्ट नॉयल या गावचा. वडील धर्मगुरू, नंतर विंडसरचे डीन. घराणं राजाच्या बाजूचं. त्यामुळे १६४२ मध्ये राजा विरुद्ध पार्लमेंट अशी यादवी सुरू झाल्यावर या घराची वाताहत झाली. विंडसरचं राहतं घर लुटलं गेलं. काका मॅथ्यू रेन हे बिशप होते, त्यांना लंडनच्या टॉवरमध्ये जवळजवळ १८ वर्षं कैदेत काढावी लागली. पोरगा तब्येतीने किरकोळ, पण हात आणि डोकं दोन्ही चालणारं. बहिणीचे यजमान विल्यम होल्डर यांनी त्याला गणिताची गोडी लावली. पुढे ऑक्सफर्डला वॅडम कॉलेजात गेल्यावर त्याला प्रयोग करून बघणाऱ्या मंडळींचा अड्डाच मिळाला.

आणि मग त्याने काय काय केलं त्याची यादी वाचली तर आपल्याला आपल्या सबमिशनची लाज वाटेल. कुत्र्याच्या शिरेत औषध सोडून त्याचा परिणाम बघितला. मेंदूच्या शरीररचनेवरच्या थॉमस विलिसच्या १६६४ च्या ग्रंथासाठी आकृत्या काढल्या. १६५७ मध्ये, पंचविशी पूर्ण व्हायच्या आत, लंडनच्या ग्रेशम कॉलेजात खगोलशास्त्राचा प्रोफेसर झाला. १६५८ मध्ये त्याने सायक्लॉइडची लांबी काढली. सायक्लॉइड म्हणजे पहिल्या वर्षी ड्रॉइंग शीटवर आपण सगळ्यांनी रडतखडत काढलेला तोच वक्र, चाकाच्या कडेवरचा बिंदू काढतो तो. त्याच्या एका कमानीची लांबी चाकाच्या व्यासाच्या बरोबर चौपट येते. हे रेनने सिद्ध केलं. २८ नोव्हेंबर १६६० ला ग्रेशम कॉलेजात त्याचं व्याख्यान झाल्यावर काही जण मागे थांबले आणि त्या बैठकीतून पुढे रॉयल सोसायटी जन्माला आली. न्यूटनने प्रिन्सिपियामध्ये आपल्या काळातल्या मोठ्या भूमितीतज्ज्ञांची नावं घेतली आहेत, त्यात रेन आहे.

म्हणजे वयाच्या तिशीपर्यंत हा माणूस आर्किटेक्ट नव्हताच. त्याने कोणाच्या हाताखाली बांधकाम शिकलेलं नव्हतं. आजच्या भाषेत ब्रँच बदलली म्हणा.

इथे आपला थोडा संबंध येतो. दुसऱ्या चार्ल्स राजाला पोर्तुगीज राजकन्या कॅथरीनशी लग्न करताना १६६१ च्या तहाने दोन ठिकाणं आंदण मिळाली. एक मुंबई आणि दुसरं आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचं टँजियर. टँजियरच्या तटबंदीचं काम बघायला जाशील का, असं रेनला विचारण्यात आलं. त्याने तब्येतीचं कारण पुढे करून नम्र नकार दिला. मुंबई राजाने १६६८ मध्ये वर्षाला १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली, आणि पुढच्याच वर्षी रेनला सरकारी बांधकामांचा प्रमुख, सर्व्हेयर जनरल, नेमलं. ही दुसरी नेमणूक राजाला जास्त लाभली असं म्हणायला हरकत नाही.

मधल्या काळात दोन इमारती झाल्या होत्या. टॉवरमधून सुटलेल्या काकांनी केंब्रिजच्या पेंब्रोक कॉलेजला चॅपल बांधून द्यायचं ठरवलं आणि काम पुतण्याला दिलं. वशिला म्हणा हवं तर. दुसरी ऑक्सफर्डची शेल्डोनियन थिएटर ही इमारत. तिथे ७० फुटांचा गाळा मधे एकही खांब न घेता झाकायचा होता, आणि एवढ्या लांबीचा सलग वासा मिळत नाही. रेनने छोटे छोटे लाकडी तुकडे एकमेकांत गुंतवून ट्रस केला. तो इतका भक्कम झाला की वरच्या माळ्यावर पुढे विद्यापीठाच्या छापखान्याची पुस्तकं रचून ठेवली जात. १६६५ मध्ये तो पॅरिसला जाऊन आला, घुमट बघून आला. आयुष्यातला त्याचा तेवढाच परदेश प्रवास.

आणि मग लंडन जळलं.

रविवार, २ सप्टेंबर १६६६. पुडिंग लेनमधल्या एका बेकरीत पहाटे आग लागली आणि ती चार दिवस चालली. सुमारे १३,२०० घरं, ८७ पॅरिश चर्चेस आणि जुनं सेंट पॉल गेलं. राख अजून गरम असताना, ११ सप्टेंबरला, रेनने राजापुढे नव्या शहराचा आराखडा ठेवला. रुंद सरळ रस्ते, चौक, सगळं देखणं. तो आराखडा तसाच गुंडाळला गेला. कारण प्रत्येक जळक्या प्लॉटला मालक होता, आणि आपली जागा सोडायला कोणीच तयार नव्हतं. आपल्याकडे रस्ता रुंदीकरण निघालं की काय होतं ते आठवा. म्हणून लंडनच्या त्या भागातले बोळ आजही वाकडेच आहेत.

पण त्या वाकडेपणानेच रेनला घडवलं असं मला वाटतं. १६७० च्या कायद्याने ठरलं की ५१ पॅरिश चर्चेस पुन्हा बांधायची. पैसा लंडनमध्ये येणाऱ्या कोळशावर कर लावून उभा करायचा. इमारतीचा सांगाडा कराच्या पैशातून आणि आतलं लाकूडकाम, बाक, प्रवचनाचं व्यासपीठ हे त्या त्या वस्तीने वर्गणी काढून. एवढी चर्चेस एकट्याने शक्यच नव्हती. रेनच्या जोडीला होता रॉबर्ट हूक, आपला हूक्स लॉवाला. तो उत्तम बांधकामही जाणायचा. नंतर निकोलस हॉक्समूर आला. नक्की कोणतं चर्च कोणाचं यावर जाणकार अजून वाद घालतात. मला विचाराल तर दोन विज्ञानवाल्यांनी वर्षानुवर्षं एकत्र साइटवर हिंडणं हीच मोठी गोष्ट आहे.

प्रत्येक प्लॉट वेगळा. कुठे तिरका, कुठे चिंचोळा, कुठे तिन्ही बाजूंनी घरं चिकटलेली. शक्य तिथे जुनाच पाया वापरायचा. त्यामुळे एक नकाशा काढला आणि ५१ वेळा छापला असं करता येईना. सेंट बेनेट फिंकला तर दहा बाजूंची भिंत घेऊन वर लांबट घुमट बसवला. दर वेळी अट एकच, सगळ्यांना प्रवचन ऐकू आलं पाहिजे आणि दिसलं पाहिजे. इंग्लंड प्रोटेस्टंट झालेलं, भर प्रवचनावर. म्हातारपणी रेनने आपला हिशेब लिहून ठेवला. बेताच्या आवाजात बोलणाऱ्याचं बोलणं समोर ५० फुटांपर्यंत, दोन्ही बाजूंना ३० फुटांपर्यंत आणि पाठीमागे २० फुटांपर्यंत ऐकू येतं. चर्चची मापं माणसाच्या घशावरून काढायची! आपल्या ऑडिटोरियमच्या शेवटच्या रांगेत बसणाऱ्यांना याचं महत्त्व मी सांगायला नको.

आता वॉलब्रुक. वॉलब्रुक हा मुळात एक ओढा, शहराने कधीच गाडून टाकलेला. त्याच्या नावाची गल्ली आणि गल्लीत हे चर्च. पायाभरणी डिसेंबर १६७२ ची, मुख्य काम १६७९ पर्यंत. मनोऱ्याचा वरचा भाग बऱ्याच वर्षांनी आला. बाहेरून साध्या भिंती, कारण बाहेर बघायला जागाच नव्हती. आत गेलं की मात्र डोळे वर जातात. साधी आयताकृती खोली, तिच्यात एका चौकोनावर १२ खांब, आणि त्यांवर ६३ फूट उंचीचा गोल घुमट.

चौकोनावर गोल कसा बसवायचा हा जुना प्रश्न आहे. विजापूरच्या गोलघुमटात तो एकमेकींना छेदणाऱ्या कमानींनी सोडवला. तो घुमट १६५६ च्या सुमारास पुरा झाला, म्हणजे रेनच्या हयातीतला. इतर अनेक ठिकाणी कोपऱ्यात त्रिकोणी भरीव भाग देतात. वॉलब्रुकला रेनने काय केलं? चौकोनाच्या प्रत्येक कोपऱ्यात तीन खांब येतात. त्यातला अगदी कोपऱ्यातला सोडून बाकीच्या आठ खांबांवर आठ सारख्या कमानी टाकल्या. चार सरळ, चार कोपऱ्यांवरून तिरक्या. झाला अष्टकोन, आणि अष्टकोनावर वर्तुळ सहज बसतं. कोपऱ्यातले चार खांब चौकोन शाबूत ठेवतात. म्हणजे त्याच जागेत तुम्हाला चौकोन बघायचा तर चौकोन दिसतो, अष्टकोन बघायचा तर अष्टकोन, आणि वर वर्तुळ. मी हा प्लॅन वहीच्या मागच्या पानावर दोनतीनदा काढून बघितला, तेव्हा कुठे डोक्यात शिरला.

पण खांब इतके बारीक कसे? कारण घुमट दगडाचा नाहीच. लाकडाचा सांगाडा, आतून प्लास्टर. दगडी घुमट खांबांना बाहेर ढकलतो, आणि तो रेटा घ्यायला जाड भिंती लागतात. या अडचणीच्या जागेत त्या परवडल्या नसत्या. वॉलब्रुक म्हणजे सेंट पॉलची रंगीत तालीम, असं पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं असतं. ते अर्धंच खरं आहे. आठ आधारांवर आठ कमानी आणि वर घुमट, ही रचना सेंट पॉललाही आहे, तेवढी तालीम खरी. रेट्याचा प्रश्न मात्र वॉलब्रुकमध्ये त्याने लाकूड वापरून टाळला होता. सेंट पॉलला तो टाळणं शक्य नव्हतं, कारण तिथे घुमटाच्या डोक्यावर सुमारे ८५० टनांचा दगडी मनोरा होता.

तिथे मग तीन थर आले. आतून दिसणारा विटांचा घुमट वेगळा, बाहेरून दिसणारा शिसं मढवलेला लाकडी घुमट वेगळा, आणि दोघांच्या मधे कोणालाही न दिसणारा विटांचा शंकू. सगळं वजन तोलतो तो हा शंकू. टांगलेली साखळी ज्या आकारात लोंबते तो आकार उलटा केला की उत्तम कमान होते, हे हूकने मांडलेलं सूत्र या विचारामागे आहे. शिवाय बुडाशी लोखंडी साखळीचा पट्टा आवळला, रेटा धरून ठेवायला.

सेंट पॉलचं काम १६७५ ला सुरू झालं. तोपर्यंत रेन सर झाला होता. घरात मात्र एकामागून एक घाव. पहिली बायको फेथ १६७५ मध्ये देवीच्या साथीत गेली. दुसरं लग्न केलं, ती जेन १६८० मध्ये गेली. एक मुलगा तान्हेपणीच गेला होता, दुसरा बिली जन्मापासून मंदबुद्धी. लाडकी मुलगी जेन १७०२ मध्ये ऐन तारुण्यात वारली आणि बापाने बांधायला घेतलेल्या सेंट पॉलच्या तळघरात तिला पुरलं. या सगळ्या काळात साइट एक दिवस बंद पडलेली दिसत नाही. कौतुक करावं की वाईट वाटावं कळत नाही.

वर पार्लमेंटला वाटलं काम रेंगाळतंय, म्हणून १६९७ मध्ये त्याचा निम्मा पगार अडकवला. तो मिळाला १७११ मध्ये. १७०८ मध्ये मनोऱ्याचा शेवटचा दगड बसला तेव्हा तो ७६ वर्षांचा होता. उतारवयात त्याला टोपलीत बसवून वर ओढून घेत, तरी बघायला जायचाच. १७१८ मध्ये, ८५ व्या वर्षी, त्याला सर्व्हेयरच्या जागेवरून काढलं. त्याच्या जागी विल्यम बेन्सन नावाचे गृहस्थ आले. त्यांनी लॉर्ड्स सभागृहाची इमारत पडायला आली आहे असा रिपोर्ट दिला, तो खोटा निघाला आणि पुढच्याच वर्षी त्यांची गच्छंती झाली. (योगायोग म्हणजे त्याच १७१८ च्या नाताळात मुंबईचं सेंट थॉमस चर्च खुलं झालं.) २५ फेब्रुवारी १७२३ ला, नव्वदी पार करून, रेन गेला. सेंट पॉलच्या तळघरात साध्या काळ्या दगडाखाली त्याला ठेवलं आहे.

माणसाची गोष्ट इथे संपते, चर्चेसची संपत नाही.

मला आधी वाटायचं की ५१ पैकी जी चर्चेस आज नाहीत ती दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बमुळे गेली असतील. काही गेली, हे खरंच. २९ डिसेंबर १९४० च्या एका रात्रीत रेनची आठ चर्चेस जळाली. पण त्याच्या कितीतरी आधी पुष्कळशी पाडली गेली होती, तीही रीतसर ठराव करून. सेंट क्रिस्टोफर ल स्टॉक्स १७८२ मध्ये बँक ऑफ इंग्लंडच्या वाढीव इमारतीसाठी गेलं. दहा बाजूंचं सेंट बेनेट फिंक १८४० च्या दशकात रॉयल एक्स्चेंजच्या आसपासची जागा मोकळी करताना गेलं. त्यानंतर लोक शहरातून उपनगरांत राहायला गेले, चर्चेस ओस पडली आणि जमिनीचे भाव आकाशाला भिडले. १८६० च्या कायद्याने दोन पॅरिश एकत्र करून एक चर्च पाडणं, जागा विकणं आणि त्या पैशातून उपनगरात नवं चर्च बांधणं सोपं केलं. हिशेबाने बघितलं तर यात चूक काहीच नाही! सेंट मिल्ड्रेड पोल्ट्री, सेंट अँथोलिन, सेंट डायोनिस अशी एकेक गेली. १८७८ मध्ये विल्यम मॉरिसने वर्तमानपत्रात पत्र लिहून आवाज उठवला. १९२० मध्ये आणखी १९ चर्चेस काढून टाकायची शिफारस झाली, त्याविरुद्ध मोठी ओरड झाली आणि १९२६ मध्ये पार्लमेंटने ते फेटाळलं.

पक्कं संरक्षण आलं ते युद्धानंतर. बॉम्बहल्ल्यांच्या काळात काय वाचवायचं याच्या याद्या करायला घेतल्या होत्या, त्यातूनच १९४४ आणि १९४७ च्या नगररचना कायद्यांनी महत्त्वाच्या इमारतींची सरकारी यादी आली. सेंट स्टीफन वॉलब्रुक ४ जानेवारी १९५० ला त्यात ग्रेड वन म्हणून नोंदलं गेलं, म्हणजे सर्वांत वरचा दर्जा. (मुंबईत १९९५ साली हेरिटेज नियमावली आली, तिच्यातही अशाच ग्रेड आहेत.) १९४१ मध्ये त्याच्याही घुमटाला बॉम्बची झळ लागली होती, ती दुरुस्ती १९५० नंतर झाली. सेंट मेरी आल्डरमनबरीचं नशीब वेगळं. त्याच्या फक्त भिंती उरल्या होत्या. १९६० च्या दशकात सुमारे ७,००० दगडांवर नंबर घालून ते अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या फुल्टन गावी नेलं आणि तिथे पुन्हा उभं केलं. १९४६ मध्ये चर्चिलने तिथल्या कॉलेजात प्रसिद्ध भाषण केलं होतं, त्याची आठवण म्हणून. याला जतन म्हणायचं का? दगड रेनचे, पण जो वाकडा प्लॉट भरण्यासाठी ते रचले तो लंडनलाच राहिला. मला तरी हे अर्धवट वाटतं. अर्थात नाहीसं होण्यापेक्षा बरं.

ग्रेड वन म्हणजे हात लावायचा नाही, असाही एक समज असतो. वॉलब्रुकची पुढची हकिगत त्यासाठीच सांगण्यासारखी. १९५३ मध्ये इथले रेक्टर चाड वारा यांनी आत्महत्येच्या विचारात असलेल्यांसाठी फोनवर मदत सुरू केली. त्यातून समॅरिटन्स ही संस्था झाली. पहिला फोन याच चर्चमध्ये. १९७८ ते १९८७ मध्ये इमारतीची मोठी दुरुस्ती झाली. चर्चचे एक विश्वस्त पीटर पालंबो यांनी शिल्पकार हेन्री मूर यांच्याकडून नवी वेदी करून घेतली होती. रोमच्या ट्रॅव्हर्टाइन दगडाची, गोल, आठ फूट व्यासाची, सुमारे १० टन वजनाची. ती ठेवायची कुठे? बरोबर रेनच्या घुमटाखाली मधोमध.

लगेच वाद. चालू चर्चला इंग्लंडमध्ये सरकारी परवानगीऐवजी चर्चच्या स्वतःच्या न्यायालयाची परवानगी लागते. एकतर दगडाचा असा गोळा रेनच्या जागेत शोभेल का, हा प्रश्न. आणि दुसरा प्रश्न त्याहून मजेशीर, की ही वस्तू कायद्याच्या भाषेत टेबल आहे का? कारण प्रोटेस्टंट सुधारणेत दगडी वेद्या काढून साधी टेबलं आणली होती. खालच्या न्यायालयाने नाही म्हटलं. प्रकरण वर गेलं, क्वचितच भरणाऱ्या एका खास धर्मन्यायालयापुढे, आणि १९८७ मध्ये तिथे ती टेबलच ठरली.

विरोध करणारे वेडे नव्हते. रेनने वेदी पूर्वेच्या भिंतीशी ठेवली होती, सगळ्यांनी एका दिशेला बघावं म्हणून. आता बाक गोल मांडले गेले. पण मूळचं असं तरी तिथे किती उरलं होतं? रेनच्या वेळचे उंच कठड्यांचे बाक एकोणिसाव्या शतकातच काढून टाकले होते, तेव्हापासून खांबांची झाकलेली जोती उघडी पडली आहेत. मला मूरची वेदी आवडली. चौकोन, अष्टकोन, वर्तुळ हे वर चाललेलं गणित खाली जमिनीवर कुठेतरी टेकायला हवं होतं, ते त्या दगडावर टेकतं.